युद्धकैद्यांची पत्रं जमवताना : खानदेशातून येणारे नेहमीचे प्रश्न

जळगाव, धुळे, नंदुरबार, भुसावळ, चाळीसगाव या भागांतून मला जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. क्रमांक दिलेत, कारण एका उत्तराचा धागा दुसऱ्यात जातो. घाईत असाल तर निदान २ आणि १६ वाचा.

१. युद्धकैदी टपाल म्हणजे नेमकं काय? फौजेतून आलेलं कुठलंही जुनं पत्र यात धरायचं का?

नाही. आघाडीवरच्या शिपायाने घरी लिहिलेलं पत्र म्हणजे फौजी टपाल. त्यावर 'ऑन ॲक्टिव्ह सर्व्हिस' लिहिलेलं असतं किंवा एफपीओचा, म्हणजे फील्ड पोस्ट ऑफिसचा शिक्का असतो. माणूस शत्रूच्या हाती सापडल्यावर त्याने लिहिलेलं आणि त्याला घरून गेलेलं टपाल ते युद्धकैदी टपाल. छावणीत पोचल्यावर घरी पाठवायचं छापील कार्ड, मनीऑर्डरची पावती, पार्सल मिळाल्याची पोच, पत्ता न लागल्याने परत आलेलं पाकीट हे सगळं यातच येतं.

फरक दिसतो तो शिक्क्यांवरून. फौजी पत्र एकाच बाजूच्या सेन्सॉरकडून जातं. कैद्याचं पत्र दोन्ही बाजूंनी उघडलं जातं, आणि बहुतेक वेळा मध्ये एखादा तटस्थ देश किंवा रेडक्रॉस असतो.

२. आजोबांच्या पेटीत पत्रांचं पुडकं सापडलं. आधी काय करू?

काहीच सोडवू नका. सुतळीने बांधलेलं असेल तर ज्या क्रमाने आहे त्याच क्रमाने मोबाइलवर फोटो काढा, पाकिटाच्या दोन्ही बाजू आणि आतला कागद. मग पाकिटाला पाकीट आणि पत्राला पत्र अशी वेगळी गड्डी करायचा मोह टाळा. कोणतं पत्र कोणत्या पाकिटातलं हे एकदा हरवलं की पुन्हा जुळत नाही. पुष्कळ शिपाई साल लिहीत नसत, फक्त तिथी किंवा वार लिहीत. साल पाकिटावरच्या शिक्क्यातून निघतं.

दुसरं, घरातल्या थोरल्या माणसांना पत्रं दाखवायच्या आधी त्यांना बोलू द्या. तुमची आजी किंवा आत्या जे सांगेल ते तिच्या आठवणीतलं असू द्या, पत्र वाचून जुळवलेलं नको. ती कोणत्या सणाला तार आल्याचं सांगते, पोस्टमनला कोणत्या नावाने हाक मारायचे, घरात पत्र कोण वाचून दाखवायचं, हे सगळं वहीत उतरवा. नंतर ताळा करता येतो.

तिसरं, तिकीट असेल तर कापू नका, वाफेवर सोडवू नका. शाळेत तिकिटांचा अल्बम केलेल्यांचा हात आपोआप तिकडे जातो. इथे तिकीट हा सगळ्यात कमी महत्त्वाचा भाग आहे.

चौथं, सेलोटेप नाही, लॅमिनेशन नाही. जळगावात एका दुकानाबाहेर 'जुनी कागदपत्रं लॅमिनेट करून मिळतील' अशी पाटी पाहिली की माझा जीव खाली-वर होतो. लॅमिनेशन उष्णतेने चिकटतं आणि परत निघत नाही.

३. यांच्यावर तिकीटच नाही. मग यांना किंमत ती कसली?

तिकीट नसणं हीच या टपालाची खूण आहे. युद्धकैद्यांचं टपाल पोस्टाच्या शुल्कातून मुक्त असावं हा नियम १८९९ आणि १९०७ च्या हेग करारांत आला, १९२९ च्या जिनिव्हा करारात कायम राहिला आणि १९४९ च्या तिसऱ्या जिनिव्हा करारात अधिक सविस्तर झाला. त्यामुळे साध्या मार्गाने जाणाऱ्या पत्राला तिकीट लावावंच लागत नसे.

अपवाद विमानाचा. ही माफी साध्या टपालाला होती. पत्र विमानाने लवकर जावं असं वाटलं तर त्याचा जादा आकार भरावा लागे. म्हणून दुसऱ्या महायुद्धातल्या एखाद्या पाकिटावर 'प्रिझनर ऑफ वॉर मेल'सुद्धा आणि जॉर्ज सहाव्याचं तिकीटसुद्धा दिसलं, तर ते खोटं आहे असा निष्कर्ष काढू नका.

या भागातली कितीतरी पत्रं 'तिकीट नाही, म्हणजे काही कामाची नाहीत' म्हणून रद्दीत गेली. तिकिटवाली तेवढी कापून ठेवली गेली.

४. "मना आजा जर्मननी लढाईमा व्हता" असं घरी सांगतात. खानदेशातल्या घरात कोणकोणत्या युद्धांतली कैद्यांची पत्रं निघू शकतात?

'जर्मनची लढाई' हे दोन्ही महायुद्धांना म्हणत, त्यामुळे आधी पिढी मोजा. आजोबांचा जन्म १८९० च्या आसपासचा असेल तर पहिलं महायुद्ध, १९२० च्या आसपासचा असेल तर दुसरं.

पहिल्या महायुद्धात मराठी घरांशी सगळ्यात जवळचं ठिकाण म्हणजे मेसोपोटेमियातलं कूत अल-अमारा. २९ एप्रिल १९१६ रोजी जनरल टाउनशेंडने तुर्कांपुढे शस्त्रं ठेवली. सहावी पुणे डिव्हिजन तिथे अडकली होती. १०३ वी आणि ११० वी मराठा लाइट इन्फन्ट्री, ११७ वी मराठा या पलटणी त्यात होत्या. सुमारे १३ हजार माणसं कैद झाली, त्यांत बहुसंख्य हिंदी, म्हणजे भारतीय. त्यांना वाळवंटातून चालवत नेलं, अनेकांना रास अल-ऐनच्या बाजूला रेल्वेच्या कामाला जुंपलं. या कैद्यांपैकी साध्या शिपायांची पत्रं फारच थोडी उरली आहेत. अधिकाऱ्यांची त्या मानाने अधिक. घरात 'बगदादकडे गेला तो परत आला नाही' अशी आठवण असेल आणि पत्र एकही नसेल, तर त्यात नवल नाही.

फ्रान्सच्या आघाडीवर पकडलेल्या हिंदी शिपायांपैकी अनेकांना बर्लिनजवळ व्युन्सडॉर्फ आणि त्सोसेन इथे ठेवलं होतं. तिथे १९१५ साली कैद्यांसाठी लाकडी मशीदही बांधली होती. तिथल्या हिंदी कैद्यांचे आवाज जर्मन संशोधकांनी तबकड्यांवर भरले आणि ते आजही बर्लिनच्या हुम्बोल्ट विद्यापीठात आहेत. पत्रांच्या विषयात हे थोडं आडवळण, पण आजा तिथे होता असं कळलं तर तिकडे विचारणा जरूर करा.

दुसऱ्या महायुद्धात मराठ्यांसाठी तोब्रुक. २१ जून १९४२ ला तोब्रुक पडलं तेव्हा पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची दुसरी पलटण तिथे होती. उत्तर आफ्रिकेत सापडलेले हिंदी सैनिक आधी इटलीत गेले. मध्य इटलीतलं अवेझ्झानो हे त्यांच्या छावण्यांपैकी एक. सप्टेंबर १९४३ मध्ये इटलीने माघार घेतल्यावर जे सुटू शकले नाहीत त्यांना जर्मनांनी उत्तरेकडे हलवलं. अ‍ॅनाबुर्ग आणि पुढे फ्रान्समधलं एपिनाल ही नावं मग पत्त्यांवर येतात. ११ मे १९४४ रोजी एपिनालच्या छावणीवर दोस्तांच्याच विमानांचे बॉम्ब पडले. भिंत पडली, आणि त्या गोंधळात शेकडो हिंदी कैदी चालत स्वित्झर्लंडला पोचले. तेव्हा एकाच माणसाच्या पत्रांत इटली, जर्मनी, फ्रान्स आणि शेवटी एकदम स्विस तिकीट असा क्रम आला, तर ते पुडकं सोन्यासारखं जपा.

पूर्वेकडे १५ फेब्रुवारी १९४२ ला सिंगापूर पडलं. तिथून येणाऱ्या पत्रांबद्दल प्रश्न ८ पाहा.

स्वातंत्र्यानंतर १९६२, १९६५ आणि १९७१. चीनच्या ताब्यात १९६२ साली सुमारे ३,९०० भारतीय जवान गेले आणि १९६३ च्या वसंतात परत आले. १९७१ साठी प्रश्न १३.

५. पत्त्यावर 'ईस्ट खानदेश' लिहिलंय. त्यावरून साल काढता येईल का?

अंदाज बांधता येतो. जुना खानदेश जिल्हा १९०६ मध्ये पूर्व आणि पश्चिम असा विभागला. म्हणजे नुसतं 'खानदेश' असलेला पत्ता बहुधा त्याआधीचा किंवा जुन्या सवयीचा. राज्य स्थापनेनंतर पूर्व खानदेशचा जळगाव आणि पश्चिमचा धुळे जिल्हा झाला. नंदुरबार वेगळा झाला तो १ जुलै १९९८ ला, त्यामुळे १९७१ च्या पत्रावर 'जि. नंदुरबार' दिसलं तर भुवया उंचवा.

गावांची इंग्रजी स्पेलिंगही बदलत गेली. धुळ्याचं 'धुलिया' पुष्कळ वर्षं चाललं. पण एक सावधगिरी घ्या. पत्ता लिहिणारा कैदी दूर देशात बसलेला असे आणि त्याला पाठ असलेलं जुनं नाव तोच लिहीत राही. म्हणून पत्ता हा दुय्यम पुरावा, डिलिव्हरीचा शिक्का हा पहिला.

पिनकोडचा मुद्दा मात्र पक्का आहे. पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ पासून आला. त्याआधीच्या तारखेच्या पत्रावर सहा आकडी पिन असेल तर तो नंतर कुणीतरी लिहिलेला आहे.

६. कार्डावरचे छापील शब्द जर्मन-इटालियनमध्ये आहेत. कसे लावायचे?

चार-पाच शब्द ओळखता आले तरी पुष्कळ झालं. जर्मन कार्डावर 'क्रीग्सगेफांगेननपोस्ट' म्हणजे युद्धकैदी टपाल. 'श्टालाग' ही शिपाई आणि नाईक-हवालदारांची छावणी, 'ओफलाग' अधिकाऱ्यांची. पुढचा रोमन आकडा हा जर्मनीच्या लष्करी विभागाचा क्रमांक. 'गेप्रूफ्ट' लिहिलेला शिक्का म्हणजे तपासलं. इटालियन कार्डावर 'पी.जी.' आणि आकडा म्हणजे छावणी क्रमांक, 'पी.एम.' आणि आकडा म्हणजे लष्करी पोस्ट. 'चेन्सुरा' शब्द दिसला की सेन्सॉर. फ्रेंच मजकूर बहुतेक कार्डांवर असतोच, कारण आंतरराष्ट्रीय टपालाची भाषा तीच होती. जपानी कार्डावर 'फुर्यो यूबिन' अशी चार अक्षरं असतात.

७. पत्र मोडीत आहे, किंवा उर्दूत. घरात कुणालाच वाचता येत नाही.

मोडीसाठी धुळ्याला जा. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे संशोधन मंडळाच्या आसपास मोडी जाणणारी मंडळी भेटतात, आणि पुण्या-मुंबईतही मोडी वर्ग चालतात. पण नेताना मूळ पत्र नको, स्वच्छ स्कॅन न्या. मोडीचं लिप्यंतर करून घेताना 'अर्थ सांगा' म्हणू नका, ओळीला ओळ लिहून घ्या. जिथे अक्षर लागत नाही तिथे रिकामी जागा सोडायला सांगा. हुशार वाचक अंदाजाने भरतो आणि पुढे तोच अंदाज खरा ठरत जातो.

उर्दू दिसली म्हणून पत्र आपल्या घरचं नाही असं समजू नका. अनेक शिपायांना लिहिता येत नसे. पलटणीतला जो कुणी लिहिणारा मिळे त्याच्या लिपीत पत्र जाई. अहिराणी बोलणाऱ्या माणसाचं पत्र पुणेरी मराठीत किंवा हिंदुस्तानीत असणं यात काही विचित्र नाही. एखादा 'व्हता', 'मना', 'तुमले' निसटून आत राहिला असेल तर बोलणारा माणूस तिथे सापडतो.

८. सगळ्या पत्रांत एकच मजकूर, 'मी खुशाल आहे, काळजी करू नये'. यात जमवण्यासारखं काय?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त येतो आणि तो रास्त आहे. कैद्याला किती लिहिता येईल हे दुसरे ठरवत. १९४९ च्या करारात महिन्याला किमान दोन पत्रं आणि चार कार्डं असा आकडा आहे. त्याआधी ते ताब्यात ठेवणाऱ्या देशाच्या मर्जीवर असे. ठिकाण, हवामान, काम, आजारपण यांतलं काहीही लिहिलं तर काळी शाई फिरायची किंवा कागदच फाडला जायचा. जर्मनांनी काही पत्रफॉर्मांवर गुप्त शाई उघड होईल असा लेपसुद्धा दिला होता.

जपानकडचं सगळ्यात आखडतं. १९२९ च्या करारावर जपानने सही केली पण मान्यता दिली नाही. तिथून छापील कार्डं येत: 'माझी प्रकृती उत्तम / साधारण / खराब', यातलं लागू नसेल ते खोडायचं. घरून जाणाऱ्या पत्रालाही पुढे २५ शब्दांची मर्यादा आली. पुष्कळ घरांना दीड-दोन वर्षांनी पहिलं कार्ड मिळालं.

म्हणून या पत्रांत मजकुरापेक्षा बाकीचं बोलतं. लिहिल्याची तारीख आणि गावात पोचल्याची तारीख यांतलं अंतर मांडा. सहीचा हात बदलला का ते पाहा: दुसऱ्याकडून लिहून घेतलं असेल तर आजारपण असू शकतं. कुणाकुणाला रामराम सांगितलाय त्यांची नावं उतरवा. एखादं नाव मध्येच गळतं. आणि केळीचं, कपाशीचं, जनावरांचं, सावकाराचं काय झालं हे विचारलेलं असतं. ते सेन्सॉरला निरुपद्रवी वाटे, म्हणून सुटे. मला स्वतःला छावणीच्या शिक्क्यापेक्षा 'काळी गाय व्याली का' ही ओळ अधिक मोलाची वाटते, जरी बाजारात तिला काही भाव नाही.

९. पाकिटावर 'देवळी' असं आहे. म्हणजे नाशिकजवळचं देवळालीच ना?

बहुतेक वेळा नाही, आणि इथे भले भले घसरतात. देवळाली नाशिक जिल्ह्यातलं. दुसऱ्या महायुद्धात तिथे जर्मन नागरिकांना काही काळ ठेवलं होतं. नंतर त्यांना डेहराडूनला हलवलं. देवळी हे राजस्थानातलं. तिथे दुसऱ्या महायुद्धात जपानी नागरिक होते आणि १९६२ नंतर भारतात राहणाऱ्या चिनी वंशाच्या कुटुंबांना तिथे डांबलं होतं. दोन्हींची इंग्रजी अक्षरं शिक्क्यात पुसट झाली की सारखीच दिसतात. शिक्क्यातल्या शब्दाची लांबी मोजा, आणि पत्र लिहिणाऱ्याचं नाव जर्मन आहे, जपानी की चिनी हे पाहा.

दोन्ही ठिकाणचे लोक काटेकोर अर्थाने युद्धकैदी नव्हते. ते नजरकैदेतले परदेशी नागरिक. त्यांचं टपाल वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा, पण ठेवा जरूर.

१०. अहमदनगरच्या किल्ल्याचा शिक्का असलेलं पाकीट नेमकं कोणत्या काळातलं?

नगर, म्हणजे आताचं अहिल्यानगर, एका जागेत चार काळ दाखवतं. १९०१-०२ मध्ये दक्षिण आफ्रिकेतून आणलेले बोअर (तिथले इंग्रजांशी लढलेले डच वंशाचे लोक) कैदी, १९१४ नंतर जर्मन आणि ऑस्ट्रियन, दुसऱ्या महायुद्धाच्या सुरुवातीला पुन्हा जर्मन, आणि १९४२ ते ४५ मध्ये किल्ल्यात पंडित नेहरूंसह काँग्रेसची कार्यकारिणी. पहिल्या गटाची पत्रं युद्धकैदी टपाल आहेत, मधल्या दोन गटांत युद्धकैदी आणि नजरकैदी दोन्ही आहेत, शेवटची राजबंद्यांची. तिकीट असेल तर त्यावरचा राजा कोण हे पाहिलंत तरी अर्धं काम होतं: बोअरांच्या वेळी व्हिक्टोरिया किंवा एडवर्ड, पहिल्या युद्धात पाचवा जॉर्ज, दुसऱ्यात सहावा.

११. आझाद हिंदची तिकिटं असलेलं, टपालातून आलेलं पाकीट विकत मिळतंय. घेऊ का?

नका घेऊ. ती तिकिटं जर्मनीत छापली गेली हे खरं, पण टपालात कधी वापरली गेली नाहीत. सुटी कोरी तिकिटं खरी असू शकतात. ती पाकिटावर चिकटवून शिक्का मारलेला असेल तर तो नंतर केलेला उद्योग आहे. जर्मनीत कैदेतून आझाद हिंद लिजनमध्ये गेलेल्या सैनिकांचं टपाल जर्मन फौजी टपालातून जाई, कैद्यांच्या टपालातून नाही.

१२. आझाद हिंद सेनेतल्या सैनिकाने युद्धानंतर इंग्रजांच्या छावणीतून लिहिलेली पत्रं आणि धुळ्याच्या तुरुंगातली पत्रं, दोन्ही यात येतात का?

दोन्ही नाही, कारणं वेगळी.

आझाद हिंद सैनिकांना इंग्रज युद्धकैदी मानायला तयार नव्हते. ते आपलेच फुटलेले शिपाई, अशी त्यांची भूमिका होती. इंग्रजांशी निष्ठा किती उरली यावरून त्यांनी पांढरे, करडे, काळे असे वर्ग पाडले. बंगालात नीलगंज, झिकरगाछा अशा ठिकाणी त्यांना ठेवलं. हे टपाल स्वतंत्र आणि दुर्मीळ आहे. मात्र त्याच माणसाने त्याआधी, जपान्यांच्या ताब्यात असताना लिहिलेलं कार्ड असेल तर ते युद्धकैदी टपालच. एकाच माणसाची पत्रं दोन वर्गांत जातात, म्हणून दोन्ही गड्ड्यांमध्ये एकमेकांचा उल्लेख असलेली चिठ्ठी ठेवा.

धुळ्याचा तुरुंग स्वातंत्र्यलढ्यातला. १९३२ साली विनोबा आणि साने गुरुजी तिथेच होते. तुरुंगाच्या टपालाला युद्धाचे करार लागू नाहीत, त्यामुळे तिकीट लागे आणि शिक्का जेलरचा असे.

१३. १९७१ ची कैद्यांची पत्रं कशी ओळखायची? आमच्या गावचे एक मामा पाकिस्तानात होते.

भारताचे सहाशेहून अधिक जवान आणि अधिकारी पश्चिम पाकिस्तानात होते, मुख्यतः रावळपिंडी आणि लायलपूरला. ते १ डिसेंबर १९७२ ला वाघ्यावरून परत आले. त्याआधी १३ ऑगस्ट १९७२ ला दिलीप परुळकर, एम. एस. ग्रेवाल आणि हरीश सिंहजी या हवाई दलाच्या तिघांनी रावळपिंडीतून भिंत फोडून पळ काढला होता. ते पेशावरच्या पुढे सीमेजवळ पकडले गेले.

त्या काळात दोन्ही देशांत सरळ टपाल बंद होतं, त्यामुळे पत्रं रेडक्रॉसमार्फत फिरली. म्हणून जिनिव्हाचा किंवा रेडक्रॉसचा शिक्का शोधा, आणि पिनकोडचं प्रश्न ५ मधलं सूत्र लावा. १९७२ च्या जानेवारीतल्या पत्रावर पिन नसणंच बरोबर आहे.

मामा हयात असतील तर मात्र पत्रं मागू नका, गप्पा मागा. कैदेतून आलेल्या माणसाचं घरच्यांशी त्यावर कधी बोलणं न झाल्याची उदाहरणं जागोजाग आहेत. पत्रं द्यायची की नाही हे त्यांचं.

उलट बाजूला भारतात सुमारे ९३ हजार पाकिस्तानी कैदी होते, त्यांत नागरिकही धरलेले. शेवटचे एप्रिल १९७४ मध्ये गेले. त्यांनी लिहिलेली पत्रं तिकडे गेली, त्यामुळे इकडे ती क्वचितच दिसतात. पण छावणीच्या पहाऱ्यावर असलेल्या एखाद्या जवानाच्या घरी कोरा फॉर्म निघू शकतो.

१४. 'भारतीय संरक्षा कटक कोरिया' छापलेलं तिकीट सापडलं. हे कैद्यांचं आहे का?

कैद्यांच्या राखणदारांचं. १९५३ मध्ये कोरियातल्या, मायदेशी परतायला तयार नसलेल्या कैद्यांना सांभाळायला भारताने फौज पाठवली. तटस्थ राष्ट्रांच्या आयोगाचे अध्यक्ष जनरल थिमय्या, आणि फौजेचे प्रमुख आपले मेजर जनरल शंकरराव थोरात. त्या जवानांना घरी पत्रं लिहिता यावीत म्हणून चालू तिकिटांवर हिंदीत ही अक्षरं छापली. संग्रहात शेजारी ठेवायला फार चांगलं. पूर्ण पाकीट असेल तर सुटं करू नका.

१५. गोव्यातली पोर्तुगीज कैद्यांची पत्रं?

डिसेंबर १९६१ नंतर पोर्तुगीज सैनिक मे १९६२ पर्यंत गोव्यातल्या छावण्यांत होते. त्यांची पत्रं लिस्बनच्या बाजारात दिसतात, खानदेशात नाही.

१६. खरं-खोटं कसं ओळखू? बाजारात फसवणूक होते का?

होते, आणि ती बहुधा कोऱ्या खऱ्या कार्डावर होते. छावणीची न वापरलेली छापील कार्डं युद्धानंतर पुष्कळ उरली. त्यांवर आता हिंदी नाव आणि खानदेशातल्या गावाचा पत्ता लिहिला की भाव वाढतो. कार्ड खरं, छपाई खरी, लिखाण खोटं. म्हणून कागद बघून समाधान मानू नका.

मी आधी डिलिव्हरीचा शिक्का शोधतो. खानदेशात आलेल्या पत्रावर पोचल्याचा शिक्का नसेल तर थांबतो. सगळ्या पत्रांवर तो असतोच असं नाही, पण नसेल तर बाकी सगळं घट्ट जुळायला हवं. मग मार्ग: जर्मन छावणीतून भारतात येणाऱ्या पत्रावर जर्मन सेन्सॉर आहे आणि हिंदी सेन्सॉर नाही, हे कसं? मग कैद्याचा क्रमांक, पलटण आणि छावणी एकमेकांशी जुळतात का? तोब्रुकचा शिपाई ऑगस्ट १९४२ मध्ये जर्मनीच्या श्टालागमधून लिहीत असेल तर प्रश्न ४ मधला प्रवास आठवा.

मग शाई. बॉलपेन सर्रास मिळू लागला तो महायुद्धानंतर. १९४३ च्या कार्डावर तो दिसला तर बोलणं संपलं. शेवटी अंधाऱ्या खोलीत यूव्ही टॉर्च. १९५० च्या आधीच्या कागदात चकाकी आणणारी रसायनं साधारणपणे नसतात, त्यामुळे खरा कागद मंद, पिवळट दिसतो. नवा कागद निळसर पांढरा पेटून उठतो. नोटा तपासायची टॉर्च चालते.

ऑनलाइन घेत असाल तर मागच्या बाजूचा फोटो मागा. दिला नाही, तर विषय संपला.

१७. आमच्याकडे मे महिन्यात ४५ अंशांच्या वर जातं. कागद कसे टिकवायचे?

खानदेशातली कोरडी उष्णता कागदाला ठिसूळ करते आणि लगेच जूनमध्ये दमट हवा येते. नुकसान होतं ते या झटक्यातून. पत्र्याच्या छपराखालचा माळा ही सगळ्यात वाईट जागा. तळमजल्यावरच्या आतल्या खोलीत, जमिनीपासून वर, बाहेरच्या भिंतीला न टेकता ठेवा. लोखंडी कपाट चालेल, पण त्यात हवा खेळू द्या.

साधे पीव्हीसी फोल्डर नकोत, ते चिकटतात आणि शाई ओढून घेतात. पॉलिएस्टरचे पारदर्शक खिसे किंवा आम्लरहित कागद वापरा. मिळालं नाही तर धुतलेलं, खळ नसलेलं पांढरं सुती कापडही चालतं. घडी उघडून सपाट ठेवा. ठिसूळ घडी जबरदस्तीने उघडू नका. नोंद मागे पेन्सिलीने, हलक्या हाताने.

कसर आणि वाळवी: कडुनिंबाचा पाला कपाटात ठेवतात ते ठीक, पण कागदांमध्ये घालू नका, डाग पडतो. डांबरगोळीही कागदाला लागू देऊ नका. पावसाळ्यात महिन्यातून एकदा कपाट उघडून बघणं याला पर्याय नाही.

१८. किंमत किती येईल? विकावं का?

आकडा सांगत नाही, कारण फोटोवरून सांगितलेला आकडा कुठल्यातरी व्यापाऱ्याच्या हाती पहिली बोली होऊन जातो. एवढं धरा: एकाच माणसाची सलग पत्रं, पाकिटांसह, सुट्या पत्रांच्या बेरजेपेक्षा जास्त मोलाची. भावंडांत वाटण्या करताना प्रत्येकाला दोन-दोन पत्रं देणं हा सगळ्यात तोट्याचा व्यवहार. एकाकडे ठेवा, बाकीच्यांना स्कॅन द्या. विकायचंच असेल तर सगळं मिळून विका.

रद्दीवाल्यांशी ओळख ठेवा. मीही ठेवतो. किलोवर घेतलेल्या गठ्ठ्यात पाकीट निघालं तर त्याला किलोच्या भावाने पैसे देऊन निघून येऊ नका. दुसऱ्यांदा तो तुमच्यासाठी बाजूला काढून ठेवणार नाही. आणि ज्या घरातून ते आलं ते कळलं तर आधी तिथे विचारा. घरच्यांना माहीतच नसतं की पेटीत काय गेलं.

१९. परदेशातला संग्राहक चांगला भाव देतो. पाठवू का?

थांबा. १९७२ च्या पुरावस्तू आणि कलानिधी कायद्यात ऐतिहासिक महत्त्वाचं हस्तलिखित किंवा दस्तऐवज ७५ वर्षांहून जुना असेल तर तो पुरावस्तू ठरू शकतो, आणि पुरावस्तू खासगी माणसाला परदेशी पाठवता येत नाही. म्हणजे दुसऱ्या महायुद्धाची सगळी पत्रं आता त्या वयात आलीत. तुमचं पत्र त्यात बसतं की नाही हे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून लेखी विचारून घ्या. व्यापाऱ्याचं 'काही होत नाही साहेब' पुरेसं नाही.

२०. पत्रं फेसबुकवर टाकली तर चालेल?

कागद तुमचा असला तरी मजकुराचा हक्क लिहिणाऱ्याचा, त्याच्यानंतर त्याच्या वारसांचा. स्वतःच्या आजोबांचं असेल तर चुलत्यांना विचारून टाका. विकत घेतलेलं असेल तर पाकिटाची बाजू, शिक्के, मार्ग दाखवा. आतला मजकूर आणि पूर्ण पत्ता झाका. एका पत्रात घरातल्या सुनेबद्दल किंवा जमिनीच्या वादाबद्दल लिहिलेलं असतं आणि त्या गावात ती घरं अजून समोरासमोर असतात.

२१. आजोबा परत आलेच नाहीत. पत्रांवरून शोध कुठे लावायचा?

पत्रातून तीन गोष्टी काढा: शिपाई क्रमांक, पलटण, आणि छावणीतला कैदी क्रमांक. यातले दोन क्रमांक एकत्र येऊन गोंधळ करतात. शिपाई क्रमांक माणसाच्या नावाजवळ असतो, कैदी क्रमांक छावणीच्या नावाजवळ.

पहिल्या महायुद्धासाठी आंतरराष्ट्रीय रेडक्रॉसने जिनिव्हातली कैद्यांची कार्डं इंटरनेटवर मोफत पाहायला ठेवली आहेत. नाव इंग्रजी कानाने लिहिलेलं असतं, म्हणून 'पाटील'ची जितकी स्पेलिंग सुचतील तितकी करून पाहा. आडनाव नसलेलं, नुसतं नाव आणि बापाचं नाव असंही असतं. दुसऱ्या महायुद्धाच्या नोंदींसाठी जिनिव्हाला अर्ज करावा लागतो आणि ते ठरावीक काळातच अर्ज घेतात. कैदेत मरण आलं असेल तर कॉमनवेल्थ युद्धकबर आयोगाच्या यादीत नाव शोधा. हिंदू आणि शीख सैनिकांचं दहन झालेलं असल्याने कबर नसली तरी स्मारकाच्या भिंतीवर नाव असू शकतं.

१९६२ पासूनच्या युद्धांसाठी जळगाव आणि धुळ्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा. जाताना डिस्चार्ज बुक किंवा पेन्शनचे कागद न्या, नुसत्या पत्रांवर ते फार पुढे जात नाहीत. पेन्शन आजीच्या नावावर आली असेल तर तिच्या नावाने शोधा; कित्येकदा शिपायाचा कागद हरवलेला असतो आणि विधवेचा फाइलमध्ये शाबूत असतो.